कशेळीच्या पुलावर अडकलेला टेम्पो

काल्हेर,
गुरुवार, दुपार

प्रिय धनेश,

आता जीव भांड्यात पडलाय, म्हणून लिहायला बसले आहे. घाबरू नकोस, घरी सगळी धडधाकट आहेत. पण गेला महिनाभर या घरात एका यंत्रावरून जे रामायण झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुझा फोन येतो तेव्हा बाबा नेमके हॉलमध्ये असतात. त्यांच्या खाकरण्याचा आवाज आला की तू "बरं आई, ठेवतो" म्हणतोस, आणि तू ठेवलास की ते मला विचारतात, कोणाचा होता. जसं काही त्यांना कळलंच नाही. दोन वर्षं तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नाही आणि मधल्या मधे मी टपालवाली झाले आहे. तर यावेळी खरंच टपाल पाठवते. तुझा दोस्त ओसामा कामासाठी बेंगळुरूला येतोय, त्याच्या हाती सुकट, मसाला आणि हे पत्र देते आहे. मसाला बेतानेच घाल, यंदाची मिरची भलतीच तिखट निघाली आहे.

उन्नतीचा दहावीचा निकाल तुला माहीतच आहे. परीक्षेच्या आधी बाबांनी तिला शब्द दिला होता की चांगले मार्क आण, मागशील ते देतो. त्यांना वाटलं, पोरगी फार तर कानातले मागेल. तिने मागितला गेम खेळायचा काँप्युटर. त्यांचा चेहरा तू डोळ्यांपुढे आण, मला लिहून सांगता येणार नाही. दिलेला शब्द ते फिरवत नाहीत, पण त्याला वळसा कसा घालायचा ते त्यांना बरोबर येतं. तिसऱ्या दिवशी गोडाऊनवरून कोणाकडून तरी शिकून आले. म्हणाले, गेमच खेळायचे ना, मग टीव्हीला जोडायचा तो डबा आणू, कन्सोल. स्वस्तही पडतो आणि जागाही खात नाही. उन्नतीचं म्हणणं, काँप्युटरवर गेमही होतात, चित्रंही होतात, अभ्यासही होतो. मग बाबा म्हणत, तू गेमसाठी घेतेस की अभ्यासासाठी, ते आधी ठरव. जेवताना हेच, चहा पिताना हेच. ऐकून ऐकून मी इतकी तयार झाले आहे की ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते मला झोपेतून उठवून विचार. शेजारच्या काकूंना मी परवा ते समजावून सांगितलं, त्यांना वाटलं लग्नपत्रिकेचा प्रकार आहे.

पण किंमत आणि जागा हे सगळं बोलायला होतं. त्यांच्या मनातलं मला ठाऊक होतं. टीव्ही हॉलमध्ये असतो. काँप्युटर खोलीत जातो, आणि खोलीला दार असतं. तुझं दार बंद असायचं तेव्हा बाबा गाडीवरून आले की त्या दारासमोर जरा थांबायचे, आतला खटखट आवाज ऐकायचे आणि हातपाय धुवायला जायचे. दार कधी वाजवलं नाही. मी म्हणायचे, वाजवा ना. ते म्हणायचे, कामात असंल. तुला हे माहीत नाही, म्हणून सांगते. मग तू म्हणालास की बाबांच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसणार नाही, गेम बनवायला शिकणार. तेव्हा ते जे बोलले ते बोलले, आणि तुझा काँप्युटर उचलून वडप्याच्या त्याच ऑफिसात नेऊन ठेवला. तू बॅग घेऊन निघालास. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की पोरगा त्या यंत्राने नेला. आता दुसरं पोर त्याच यंत्राकडे हात पुढे करत होतं, मग ते घाबरणार नाहीत तर काय. मी उन्नतीला हे सांगितलं. ती म्हणाली, आई, मला कळतंय, पण मला काँप्युटरच हवा. का हवा ते मात्र सांगेना.

शेवटी एका रविवारी आम्ही तिघं ठाण्याला दुकानात गेलो. डबा घ्यायचं बाबांनी ठरवून टाकलेलं, उन्नतीचं तोंड एवढंसं झालेलं. सेल्समनने तो मोठ्या टीव्हीला जोडून दाखवला, दोन कंट्रोलर दिले, बाबांनी एक हातात घेऊन उलटासुलटा केला आणि खूश झाले. मला म्हणाले, दोघं मिळून खेळता येतं, हॉलमध्ये बसून. पाकिटातून कार्डही काढलं. तेवढ्यात उन्नतीने सेल्समनला बाजूला हळूच विचारलं की यावर 'खाडीपल्याड' नावाचा गेम चालेल का. त्याने मोबाइलवर शोधलं आणि मोठ्याने सांगितलं, तो छोटा गेम आहे, फक्त काँप्युटरवर आहे, कन्सोलवर आलेला नाही. बाबा मागेच उभे होते. कोणाचा गेम, त्यांनी विचारलं. उन्नती फरशीकडे बघत म्हणाली, "दादाचा."

तेव्हा मला उलगडलं. तू गेम बनवलास हे तू मला सांगितलं होतंस, मी डोळे पुसून "छान झालं हो" म्हणाले होते, पण तो कुठे चालतो आणि कुठे नाही हे मला काय कळणार. पोरीला कळत होतं. घरात तुझं नाव काढलं की सगळी गप्प होतात, म्हणून ती इतके दिवस दुसरीच कारणं सांगत बसली. बाबांनी कार्ड परत पाकिटात घातलं. मला वाटलं, झालं, आता रिकाम्या हाताने घरी. ते दुकानाच्या दारापर्यंत गेले, रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे राहिले, परत आले आणि सेल्समनला म्हणाले, "त्यो काँप्युटर दाखव." पुढे एकच अट घातली, तो हॉलमध्ये राहील. उन्नतीने मान हलवली.

आता खरी गंमत ऐक. घरात यंत्र आलं म्हणजे पूजा आलीच. बाबांनी आजवर जेवढे टेम्पो घेतले तेवढ्यांची पूजा स्वतः केली आहे, ती कोणाला करू देत नाहीत. काँप्युटर टीव्हीशेजारी टेबलावर मांडला, उन्नतीने तो चालू करून ठेवला, काचेतून निळे-लाल दिवे फिरायला लागले. बाबांनी काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. चाकाखाली लिंबू ठेवायची सवय, याला चाकं नाहीत, म्हणून टेबलाच्या पायांशी लिंबं ठेवली. मग उंबऱ्याशी नारळ वाढवला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नव्या टेम्पोच्या बॉनेटवर ते नारळाचं पाणी शिंपडतात की नाही? तसेच करवंटी घेऊन आत आले आणि हात सवयीने फिरला. काँप्युटरला वरच्या बाजूला पंख्याची जाळी असते. पाणी सरळ आत. एकदा चर्र झालं आणि सगळे दिवे गेले.

उन्नती रडली नाही, नुसती बघत राहिली. बाबांच्या हातात करवंटी तशीच. मी धावत जाऊन बटण बंद केलं आणि टॉवेल आणला, तर ते खाली बसले आणि म्हणाले, "माझ्या हाताला काय टिकत न्हाय. पोरगा पन तसाच गेला." धनेश, दोन वर्षांत त्यांच्या तोंडून 'पोरगा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला काँप्युटरचं काहीच वाटेनासं झालं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. उन्नतीही येऊन बसली. हार घातलेलं ते बंद यंत्र आणि समोर आम्ही तिघं, कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं घरात काहीतरी वाईट झालंय.

दुकानात नेलं असतं तर हसले असते, म्हणून उन्नतीने ओसामाचं नाव घेतलं. तुझा शाळेतला दोस्त, तुला तो काय करतो हे सांगायला नको, पण नारपोलीत त्याच्या अब्बांच्या कापडाच्या लूमला लागून त्याचं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान आता चांगलं चालतं. बाबांनी ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. काँप्युटर स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला सीटबेल्ट लावला आणि टेम्पो इतका हळू नेला की मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. ओसामा हसला नाही, निदान त्यांच्यासमोर नाही. मला नंतर सांगितलं की काँप्युटरमध्ये रुई बघितली, झुरळं बघितली, चहासुद्धा बघितला, नारळाचं पाणी पहिल्यांदाच. लूमवरची रुई उडवायची हवा असते ना, तिने त्याने एकेक भाग हलकेच सुकवला. एक भाग जळला होता, तो बदलला, बाकी सगळं वाचलं. बाबा त्या लूमच्या खडखडाटात स्टुलावर बसून होते. ओसामाच्या अब्बांनी, हाशिमभाईंनी चहा दिला तो हातातच निवला. दिवे परत लागले तेव्हा त्यांनी ओसामाला एकच विचारलं, यात धनेशचा गेम चालंल ना. ओसामाने तिथेच घालून दिला.

काँप्युटर घरी आल्यावर तो गेम मी पाहिला, बाळा. मला खेळता येत नाही, पण बघता येतं. बाबांचा तो जुना हिरवा टेम्पो, मागे 'आक्काची पुण्याई' लिहिलेलं, डावा दिवा फुटलेला. नारपोलीहून कापडाचे ताके भरायचे आणि खाडीपलीकडे पोचवायचे. बाबा चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले आणि त्या फुटक्या दिव्यावर बोट ठेवलं. तू तेव्हा चार-पाच वर्षांचा असशील, त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचास. तुझ्या लक्षात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या दिवशी ते दोनदा तोंड धुवून आले.

आता रोज सकाळी ड्रायव्हर यायच्या आधी बाबा तिथे बसलेले असतात. जाड बोटांनी बाणाची बटणं दाबतात आणि टेम्पो वळला की स्वतःही खुर्चीत वळतात. ताके भरणं त्यांना उत्तम जमतं, रस्ताही जमतो. घोडं अडलंय कशेळीच्या पुलावर. तू तो एका गाडीपुरताच ठेवलास आणि समोरून दुसरा टेम्पो सोडलास. बाबा हॉर्न वाजवत सरळ घुसतात आणि खाडीत पडतात. रोज पडतात. उन्नतीने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं की पुलाच्या तोंडाशी थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, एवढंच आहे. तिला मी सांगायचं नाही म्हणून बजावलं आहे. बाबांना वाटतं चूक तुझी आहे. काल भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कशेळीचा पूल येवढा बारीक कदी व्हता? त्याला इचारलं पायजे." आणि मग, भाजी वाढून घेतल्यावर, कशाचाच संबंध नसल्यासारखं, "त्याचा नंबर त्योच हाय ना?"

म्हणून हे पत्र, आणि म्हणून घाईने ओसामाच्या हाती. रविवारी सकाळी ते तुला फोन करणार आहेत. मला सांगितलेलं नाही, पण शनिवारी मोबाइल नीट चार्ज करून ठेव असं दोनदा म्हणाले, म्हणजे करणारच. फोन उचल. ते 'कसा आहेस' विचारणार नाहीत, सुरुवातीलाच पुलाच्या रुंदीचा विषय काढतील, तुझं चित्र चुकलंय म्हणतील, आवाज चढवतील. तू लगेच उत्तर देशील, मला माहीत आहे, तूही त्यांचाच मुलगा आहेस, पुलावर थांबणं तुलाही कुठे येतं. पण तो पूल तू बनवलास, धनेश. त्याचा नियम तुला ठाऊक आहे. या एका वेळी थांब, त्यांना आधी येऊ दे. आणि पूल कसा ओलांडायचा ते फोनवर सांगू नकोस. गणपतीला येऊन दाखवतो म्हण. मी तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझीच,
आई