मिस रूबींच्या घराचा फोटो

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, मॉरिसव्हिल

तो फोटो मी का टाकला?

आमच्या गावातल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची वेबसाइट करणाऱ्या आमच्या गटात कामं वाटलेली आहेत. डेनिस म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेते, मार्कस त्या टाइप करतो, मी साइटवर चढवते. तपासायचं कुणी, हे ठरलंच नव्हतं. मिस रूबींनी त्यांच्या मुलाखतीत, पूर्वी आपल्या वडिलांचं दुकान जाळणाऱ्या गोऱ्यांची नावं घेतलीत. शेजारी मी त्यांच्या घराचा फोटो लावला, हिरव्या दारावरच्या नंबरासकट.

आज दुपारी त्यांना कुणाचा तरी फोन आला. "दार अजून हिरवंच आहे ना?" एवढं विचारून ठेवला.

फोटो मी लगेच काढला. पण कुणी सेव्ह केला असेल तर? डेनिस ओरडली नाही, तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "मुलाखतही काढू." ती म्हणाली, "ते आपण नाही ठरवायचं." मग मी मिस रूबींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "नावं राहू देत, पोरी. फार वर्षं गप्प बसले."

संध्याकाळपासून डेनिस त्यांच्या सोबतीला आहे. आत्ता तिचा फोन आला. घरासमोर एक गाडी मघापासून उभी आहे, दिवे बंद करून. पोलिसांना कळवलंय, अजून कुणी आलेलं नाही.

मीही त्यांच्याकडे निघते आहे.