बेटावरचं लग्न

२ मार्च
ही बहिणीकडे निघून गेली. कारण क्षुल्लक. चहा नापास म्हणून परत पाठवला, एवढंच. कारखान्यात माझी उभी हयात क्वालिटी कंट्रोलला गेली. सदोष माल पुढे जाऊ द्यायचा नाही, हे अंगात भिनलेलं. हिनं गॅस बंद केला, बॅग भरली आणि म्हणाली, आता स्वतःच करा आणि स्वतःच पास करा. चार दिवसांत येईल. बहिणीकडे हिला झोप लागत नाही.
संकल्प: सकाळी फिरणे. कपाट आवरणे. रागावर ताबा.

४ मार्च, दुपार
कपाट आवरायला काढलं. लेकीनं वाढदिवसाला दिलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम सापडला. चालू कसा करायचा म्हणून तिला फोन केला. म्हणाली, बाबा, आई घर सोडून गेली आणि तुम्ही गेम खेळताय? मी म्हटलं, खेळत नाही, तपासतोय.
एक बेट आहे. ओळखीच्या माणसांच्या बाहुल्या करायच्या, चेहरा-आवाज-स्वभाव भरायचा आणि बेटावर सोडायच्या. पुढे त्या आपल्याआपण जगतात. आपण फक्त खाऊ घालायचं आणि सल्ला द्यायचा. सल्ल्याचं खातं मला नवीन नाही.
कपाट उद्या.

५ मार्च
मला केलं. हिला केलं. नाक हुबेहूब. स्वभावाचे प्रश्न प्रामाणिकपणे सोडवले. यंत्राचा निकाल: मनमोकळी, भटकी. साफ चूक. ही भटकी? ही कुठे जातेय!
आणखी एक दोष. नवरा-बायको असं भरायची सोयच नाही. दोघांना अनोळखी म्हणून सोडतात, आपसात जमलं तर जमलं. हरकत नाही. हिला मी आरपार ओळखतो. आठवड्यात लग्न लावतो.

८ मार्च
हिचा पत्ता नाही. मी फोन करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
बेटावर मात्र बाईसाहेब सगळ्यांशी गुळपीठ करून बसल्या आहेत. आमचा दाताचा डॉक्टर, खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला, सगळे हिच्या अवतीभोवती. किनाऱ्यावर गाते. घरी कधी गायली नाही. माझा बाहुला भिंतीकडे तोंड करून बसतो. हिला काहीही खायला द्या, तोंड फिरवते.

१० मार्च
फोन केला. तत्त्व मोडलं नाही. चौकशी कामाची होती. विचारलं, तुला खायला सगळ्यात जास्त काय आवडतं?
हळूच म्हणाली, आंबट संत्रं. मीठ लावून. आज कसं काय विचारलंत हो?
मी खरं ते सांगितलं. म्हटलं, बेटावर तू काहीच खात नाहीस.
फोन कट. नेटवर्कचं काही खरं नाही.
पण आंबट संत्रं? मी तर नेहमी चाखून, गोड तेवढी निवडून आणतो. आंबट निघालं तर फळवाल्याला परत. एवढ्या वर्षांत बोलायला काय झालं होतं?

१३ मार्च
बाहुल्यानं मागणी घातली. हातात फुलं, अंगात मी घेऊन दिलेला कोट. नकार. आपण ओळखीचेच बरे, म्हणे. तो जमिनीवर आडवा, डोक्यावर काळा ढग. यंत्रात दोष आहे. तक्रार कुठे करतात ते बघायला हवं.
सकाळचं फिरणं सोमवारपासून.

१५ मार्च
लेकीचा फोन. बाबा, हट्ट सोडा, जाऊन आईला घेऊन या. मी म्हटलं, आपल्या पायांनी गेली, आपल्या पायांनी येईल. शिवाय मी गेलो तर इथे त्याच्याकडे कोण बघणार? तिनं विचारलं, त्याच्याकडे म्हणजे कोणाकडे? मी फोन ठेवला.
दुसरा नकार. पण या वेळी बाहुलीनं क्षणभर विचार केला. प्रगती आहे.

१९ मार्च
बाहुलीला भेटी देता येतात. हार दिला, ढिम्म. मिक्सर दिला, ढिम्म. प्रवासाची बॅग दिली आणि काय सांगू, बाई नाचायलाच लागली! बेटाला चक्कर मारून आली, माझ्या बाहुल्याशेजारी बसली आणि कुठे कुठे काय पाहिलं ते सांगत सुटली. तो मध्ये एक शब्द बोलला नाही. नुसता ऐकत होता.
बॅगेची कल्पना माझी.

२२ मार्च
तिसऱ्यांदा विचारलं. हो म्हणाली! बँड, केक, आतषबाजी. डोळे भरून आले. धूळ असावी, घरात झाडणारं कोणी नाही.
नेमकी तेव्हाच बेल. दारात ही! मी म्हटलंच होतं. पण मागे टेम्पोवाला. शिलाई मशीन न्यायला आली होती. बहिणीच्या गल्लीत खोली मिळालीय, शिवणकाम सुरू करतेय. चहाचं विचारत होतो, तर म्हणाली, पिऊन आलेय.
मी म्हटलं, आधी हे बघ. हिनं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. ही मी? मी म्हटलं, तूच. आणि हे तुम्ही? केस बरेच आहेत की. मी ऐकवलं, बाईसाहेबांना तीनदा विचारावं लागलं. दोनदा चक्क नाही म्हणाल्या.
त्यावर म्हणाली, नशीबवान आहे बिचारी. हिला विचारलं तरी. मला कोणी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या वडिलांनी तुमच्या वडिलांना विचारलं होतं.
टेम्पोवाला म्हणाला, काका, जरा दार धरता का?
धरलं.

२३ मार्च
गेमची बॅटरी संपली. चार्जर सापडेना, त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला. विचारायचंच असेल तर त्यात अवघड ते काय? वाक्य पाठ केलं: घरी येतेस का, नाही म्हणालीस तरी चालेल. आरशासमोर म्हणून पाहिलं. पास.
फोन लावला. मागे मशीनचा आवाज होता, तो थांबला. म्हणाली, बोला.
मी म्हटलं, अगं.
म्हणाली, हो, ऐकतेय.
मी विचारलं, चार्जर कुठे आहे?
म्हणाली, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. मशीन पुन्हा सुरू झालं.
चार्जर तिथेच होता.