नव्या प्रजातीची रुंदी

६ जानेवारी, सकाळी ९
नवीन रोजनिशी. संकल्प तीन. एक, रोज लिहायचं. दोन, चिडायचं नाही. तीन, ३१ मार्चच्या आत एक नवीन प्रजाती जगापुढे ठेवायची.

३१ मार्च अशासाठी की त्या दिवशी संस्था माझी खोली काढून घेणार आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी कोपऱ्यातली खोली माझ्याकडे ठेवली, हे म्हणे माझ्यावर उपकार. विभागप्रमुख माझाच विद्यार्थी. सूत्रकृमी म्हणजे मातीत राहणारा, मिलिमीटरभर लांबीचा, दोऱ्यासारखा किडा, एवढं याच्या डोक्यात उतरवायला मला पहिल्या वर्षी तीन तास लागले होते. आज पत्र देताना मान खाली घालून उभा होता. मी चिडलो नाही. फक्त दार जरा जोरात लागलं.

९ जानेवारी
सापडली!!

कॅन्टीनमागच्या झाडाखालची माती. लांबी नऊशे मायक्रॉन, रुंदी तीस. या गटातले झाडून सगळे सडपातळ, बावीसच्या वर कोणी जात नाही. आणि हा तीस! बारा स्लाइड बघितल्या, बाराही गलेलठ्ठ. बाकी तोंड, शेपूट, सगळं नेहमीच्या प्रजातीसारखंच आहे. पण रुंदीपुढे कोण काय बोलणार?

घरी येऊन हिला सांगितलं. स्लाइड हिनेच केलेल्या. तेहेतीस वर्षं हीच करते. आधी संस्थेतली नोकरी म्हणून, आता घरी खिडकीजवळच्या टेबलावर, माझी बायको म्हणून. ही काहीच बोलली नाही. आनंदाने वाचा बसली असणार. मी स्वयंपाकघरात थोडा नाचलो. गुडघा दुखतोय.

१० जानेवारी
नाव ठरलं. हिचंच! लग्न ठरलं तेव्हा शब्द दिला होता, पहिली प्रजाती तुझ्या नावाची. पण पहिली गेली गाइडच्या नावे, तिथे इलाज नव्हता. दुसरी बढती देणाऱ्या समितीच्या अध्यक्षांच्या. तिसरी एका टेकडीच्या. चौथी गाइडच्या बायकोच्या, कारण गाइड आजारी होते. हिने कधी विषय काढला नाही. चौथीच्या वेळी दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं, तेवढंच.

सांगितलं तर म्हणाली, घाई काय आहे, आधी नीट बघून घ्या. घ्या! तेहेतीस वर्षं थांबली आणि आता घाई नाही म्हणते.

१५ जानेवारी
तक्रार. चहा अर्धाच कप मिळतो. आठवडाभर बघतोय. विचारलं तर म्हणाली, तुमची साखर वाढलीय ना. एवढी काळजी बरी नव्हे. दुसरी तक्रार, हिने केलेली सामानाची यादी. अक्षर इतकं बारीक की किराणावाला म्हणाला, काका, हे तुमच्या मशीनखाली वाचून आणा. किड्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून सवय लागली असणार.

२१ जानेवारी
चित्राला सुरुवात. प्रजातीचं चित्र हीच काढते. मायक्रोस्कोपला आरसा लावला की किडा कागदावर पडल्यासारखा दिसतो, मग त्यावरून पेन्सिल फिरवायची. हिच्या रेषेवर गाइड पट्टी ठेवून बघायचे. आज चार कागद फाडले. टेबल हलतंय. एका पायाखाली कागदाची घडी घातली.

२४ जानेवारी
टेबल अजून हलतंय. घडी चारपदरी केली. मग लक्षात आलं, वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन! वर जाऊन दोन शब्द सुनावले. ते म्हणाले, मशीन महिनाभर बंद पडलंय, येऊन बघा. बघितलं. बंद होतं. लोक आपल्याला येताना बघून काय काय करतात.

२ फेब्रुवारी
मुलीचा फोन, व्हिडिओवाला. ती दुसऱ्या शहरात असते, आणि तिथून तिला सगळं दिसतं. म्हणाली, बाबा, आईचा हात थरथरतोय, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, तुझा फोन थरथरतोय, नेटवर्क बघ. ऐकेना. तिने परस्पर अपॉइंटमेंट घेतली, १२ तारखेची.

संकल्प: उद्यापासून चहा बंद. दोघांचाही. चहाने हात थरथरतो, हे शास्त्रीय सत्य आहे.

३ फेब्रुवारी, सकाळी ७
चहा सुरू. हिचं चाललं असतं, माझंच डोकं उठलं.

१२ फेब्रुवारी
डॉक्टरकडे गेलो नाही. असं स्वच्छ ऊन खिडकीत रोज पडत नाही आणि चित्र अर्धं राहिलंय. हीसुद्धा म्हणाली की चित्र आधी होऊ दे. म्हणजे म्हणाली नाही, पण मी म्हटल्यावर नको म्हणाली नाही. पुढची तारीख २६.

आणखी एक. स्लाइडवरची काच कडेने नेलपॉलिश लावून बंद करतात. हल्ली ते ओघळलेलं दिसतं. दुकानदार भेसळ करतो. त्याला वाटतं ही नखांना लावते, कोण बघतंय. हिने जन्मात नखांना लावलं नाही, सगळं किड्यांना.

१९ फेब्रुवारी
चित्र पूर्ण! एक महिना लागला. पूर्वी दोन दिवसांत व्हायचं, पण ही प्रजातीच अवघड आहे.

आणि काय चित्र! किड्याच्या अंगाची कड नागमोडी, डोक्यापासून शेपटीपर्यंत. मला इतके दिवस दिसलीच नव्हती! पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून अर्धा तास बसलो. बघायचंच ठरवलं की दिसते. म्हणजे दुसरं लक्षण मिळालं. लगेच वर्णनात घातलं: कड नागमोडी, लाटा अनियमित. तीन परिच्छेद झाले.

हिला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. बराच वेळ. भरून आलं असणार.

२६ फेब्रुवारी
अपॉइंटमेंट पुढे ढकलली. लेखाची संदर्भसूची अर्धवट सोडून उठणं बरं नव्हे. मुलीला कळलं. फोनवर रडली. म्हणाली, बाबा, तुम्हाला किड्याचा दात दिसतो, आईचा हात कसा दिसत नाही? मी म्हटलं, या गटात दात नसतात. तिने फोन ठेवला.

४ मार्च
हिने आज सुई ओवून मागितली. हिने! जी स्वतःच्या पापणीचा केस काडीला चिकटवून त्याने पाण्यातला किडा उचलते. संस्थेतले निम्मे किडे हिच्या पापण्यांनी उचललेले आहेत. चष्म्याचा नंबर वाढला असणार. सुई मला सातव्या झटक्यात ओवता आली.

संकल्प: चष्म्याच्या दुकानात जायचं. ३१ मार्चनंतर.

११ मार्च
लेख विभागप्रमुखाच्या टेबलावर ठेवला, स्लाइडसकट. त्याची सही लागते. म्हटलं, बघ आणि शिक.

१३ मार्च, दुपारी
प्रमुखाने बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, खोलीची मुदत वाढवतोय.

म्हणाला, सर, स्लाइडवर काचतंतू दिसत नाहीत.

इथे लिहून ठेवतो, कारण हा अपमान नीट नोंदला पाहिजे. किड्यावर पातळ काच ठेवायची तर तिचं वजन किड्यावर पडू नये म्हणून बाजूला काचेचे तीन तंतू ठेवतात, किड्याइतकेच जाड. ते नसले तर किडा चेपतो आणि रुंद होतो. पहिल्या वर्षाची पोरं हमखास विसरतात आणि नाचत येतात, सर, नवीन प्रजाती! अशा सात जणांना मी हाकललंय. त्यातला एक हा.

आवाज चढवला. म्हटलं, या स्लाइड कोणी केल्यात माहीत आहे का? तुझ्या पीएचडीच्या स्लाइड कोणी केल्या होत्या? तो म्हणाला, काकूंनी, म्हणूनच विचारतोय सर. मग म्हणाला, बाटलीत अजून काचेखाली न घातलेले किडे असतील, ते एकदा मोजून बघा. मग चित्र पुढे ओढून नागमोडी कडेवरून बोट फिरवलं. नुसता चित्राकडे बघत राहिला. डोळे लाल झाले होते. त्याला ॲलर्जी आहे.

१३ मार्च, संध्याकाळी
घरी येऊन हिला सगळं सांगितलं. मला वाटलं ही चवताळेल. तेहेतीस वर्षांत हिची एक स्लाइड परत आलेली नाही.

ही ओटा पुसत होती. फडकं ठेवलं आणि म्हणाली, तो बरोबर बोलला. नाही ठेवले मी तंतू. नोव्हेंबरपासून नाही ठेवले. चिमट्यात धरला की हात उडतो आणि तंतू कुठे जातो कळत नाही. एकदा अख्खी दुपार जमिनीवर बसून तीन तंतू शोधत होते. मग काच तशीच ठेवायला लागले. म्हटलं, सांगू उद्या. आणि तुम्ही नाचत आलात.

मी म्हटलं, मग चित्र काढताना तरी बोलायचं. म्हणाली, ते नागमोडी तुम्ही वाचून दाखवलंत तेव्हा आधी वाटलं, टोमणा मारताय. तुमचं तोंड बघितलं आणि कळलं, ह्यांना खरंच दिसत नाहीये. मग काय बोलायचं?

तीन परिच्छेद लिहिले मी. किड्याचे नव्हतेच ते.

१४ मार्च
शक्यता: किडे मुळातच जाड असतील आणि तंतूंचा काही संबंध नसेल. बाटलीतले मोजले की कळेल. आज मोजले नाहीत. बाटली कुठे ठेवली ते आठवत नव्हतं. टेबलावरच होती.

१७ मार्च
डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची. तिने हिला कागद-पेन दिलं आणि म्हणाली, मावशी, मधून सुरू करून गोल गोल बाहेर येत जा, जिलबीसारखं. हिने काढलं. हजारभर किड्यांची चित्रं काढलेली बाई. मी कागदाकडे बघितलं. कड नागमोडी, लाटा अनियमित. वर्णन अगदी अचूक होतं माझं.

कधीपासून, डॉक्टरने विचारलं. मी म्हटलं, अलीकडेच, नोव्हेंबरपासून. ही म्हणाली, दीड वर्ष झालं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या मेंदूकडे बघत होतो. मग डॉक्टर म्हणाली, पूर्ण बरं होणारं दुखणं नाही हे, पण गोळ्यांनी आराम पडतो. आधी आणलं असतंत तर एवढे महिने हाल झाले नसते.

रिक्षात ही कडेला बसली. मी हिचा हात हातात घेतला. थरथर माझ्या कोपरापर्यंत येत होती. टेबल नव्हतं, वरचं मशीन नव्हतं, काही नव्हतं.

वरच्या मजल्यावर जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, कशाबद्दल? ते विसरलेच होते.

२४ मार्च
आज स्लाइड मी केली. चाळीस वर्षं या धंद्यात, आणि त्यातल्या तेहेतीस वर्षांत स्वतः काचतंतू ठेवायची पहिलीच वेळ. ही बाजूला स्टुलावर बसून सांगत होती. असा नाही, आडवा. श्वास सोडू नका, उडेल. उडाला. दुसरा तुटला. तिसरा माझ्या मिशीत सापडला. सकाळी नऊला बसलो, एक वाजता स्लाइड झाली. मी तेहेतीस वर्षं लेखाच्या शेवटी छापत आलो की तांत्रिक मदतीबद्दल आभार. एक ओळ. नावसुद्धा घातलं नाही, घरचीच म्हणून.

मोजलं. रुंदी बावीस. पुन्हा मोजलं, बावीस. बाटलीत उरलेले दहाही किडे मोजले. बावीस, एकवीस, बावीस. नेहमीची प्रजाती. कुठल्याही झाडाखाली सापडते.

ही म्हणाली, म्हणजे चेपलेल्या किड्याला माझं नाव देणार होतात होय? आणि हसली. कित्येक दिवसांनी हसली. मला हसू येईना. मी म्हटलं, मला फार वाईट वाटतंय गं. आणि टेबलावर डोकं ठेवून रडलो. टेबल जराही हललं नाही.

३१ मार्च
खोली रिकामी केली. तीन खोकी. प्रमुखाने दोन उचलली आणि गाडीपर्यंत आला. म्हणाला, सर, पुढे कधी एखादी नवीन मिळालीच, तर काकूंचं नाव मी देईन. मी म्हटलं, आधी तंतू ठेव, मग दे.

लेख मागे घेतला. चित्र घरी आणलं. फ्रेम करायची म्हटलं तर ही म्हणाली, अहो, डोकं ठिकाणावर आहे का? कपाटात ठेवलं.

२ एप्रिल, सकाळी ७
संकल्प काही नाहीत.

आजपासून चहा मी करणार. आज केला. हिचा कप मुद्दाम अर्धाच भरला. ही कपाकडे बघत राहिली. म्हणाली, भरा पूर्ण. मी म्हटलं, सांडेल. म्हणाली, सांडू दे.

भरला. सांडला. पुसला आणि परत भरला.