काळी माती लागेपर्यंत

शुक्रवार, दिवेलागण

आज तळं वाचलं. हातपाय धुण्याआधी लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

गाळ काढून झाला, अशा कागदावर सही करायला पणजीहून सरकारी इंजिनियर बाई आल्या होत्या. कंत्राटदाराने दोन दिवस आधीच पाणी जायच्या तोंडाला फळ्या घालून तळं भरून घेतलेलं. काठावर काठी बुडवून म्हणतो, "मॅडम, बघा केवढं खोल!" अरे, ही पाण्याची खोली. गाळाचं काय?

मी म्हटलं, माझ्या होडीत बसा, तळ्याच्या मध्यावर जाऊ. तिथे होडी ढकलायचा माझा बांबू तळाला टेकवला आणि अंगभार देऊन दाबला. वर काढला तर टोकाला हातभर तांबडा चिखल, खाणीवरून वाहून आलेला. आमच्या तळ्याची मूळ माती काळी, चिकट. ती लागल्याशिवाय गाळ निघाला कसं म्हणायचं?

कंत्राटदार हसला. "भाऊ, कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"ह्याच तळ्यात. तुम्ही अजून काठावरच आहात."

जास्त बोललो का? नाही. मोजकंच बोललो.

बाई हसल्या नाहीत. आणखी दोन ठिकाणी त्यांनी स्वतः बांबू दाबला. तांबडाच! होडीतच बसून त्यांनी लिहिलं: काळी माती लागेपर्यंत काम अपुरं. पुढच्या तपासणीला पंच म्हणून माझं नाव घातलं.

सोमवारी मशीन पुन्हा तळ्यात उतरणार. बायको म्हणते, "आता तरी गप बसा."

बसेन की. बांधावर, मशीनच्या समोर.