काळवीट कुणाचं

बाबा, आज निकाल लागला. काळवीट आपलं राहिलं नाही.

पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधता बांधता तुम्ही भंगारातल्या जीपच्या सांगाड्यावर ती बुटकी, बिनछपराची गाडी उभी केलीत, तेव्हा मी शाळेत होते. आई म्हणते, "दोन मानसाची गाडी कायले पाह्यजे? आपन त चौघं हावो." तुम्ही हसता आणि छिन्नीनं पत्र्यात अक्षरं कापत राहता. तो साचा दारावर धरून पिवळा रंग मारला की 'काळवीट' उमटायचं. पुढे घाटंजीच्या डॉक्टरापासून ढाणकीच्या अडत्यापर्यंत ज्यानं मागितली, त्याला तुम्ही तशी गाडी बांधून दिलीत.

काम शिकून चेला निघाला की उस्तादानं आपल्या हातातलं काहीतरी द्यायचं, ही आपल्या लायनीतली रीत. बाकीच्यांना पाने मिळाले, तुमच्या लाडक्या चेल्याला तुम्ही साचाच दिलात. "घेऊन जा. नाव काय कोनाच्या बापाचं असते?" आता तो नागपुरात नवी काळवीट बनवतो, नाव त्यानं रीतसर नोंदवलंय, आणि तुमच्यामागे तुमचं गॅरेज चालवणाऱ्या मला ते लावायची बंदी. कोर्टात त्यानं तो साचा टेबलावर ठेवला. तुमच्या छिन्नीचे घाव मी लांबूनच ओळखले. माझ्याकडे ठेवायला काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर तो माझ्या पाया पडायला वाकला. "ताई, उस्तादानं देलं म्हनून घेतलं. मी चोर हावो का?" चोर असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

संध्याकाळी गॅरेजसमोरच्या आपल्या शेवटच्या गाडीवरचं नाव मीच पॉलिश पेपरनं घासून काढलं. कारागीर कुणी हात लावेनात. पिवळी भुकटी बोटांना लागली आणि मला तुमचा फार राग आला, बाबा. इतकं उदार कशाला व्हायचं होतं? सगळं वाटून मोकळे झालात, आणि आता या गाडीला काय म्हणायचं तेही मला सुचत नाही. गिऱ्हाईक विचारतं, मी नुसती 'गाडी' म्हणते. तुमचं इथे काही उरलं नाही, आणि ते परत येईल अशी आशाही मला नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. वकिलालाही न सांगितलेली एक गोष्ट आहे. भांडण सुरू व्हायच्या आधी त्यानं मला त्याच्या काळवीटमधून एक चक्कर मारून आणली होती. ती तुमच्या गाडीपेक्षा चांगली चालते.