माणशी एक थैली

२५ मे २०२५, सकाळी
नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये चौथीला उज्वला आणि मी एकाच बाकावर. एकदा दोघींची गणितं चुकांसकट सारखी आली. सिस्टरनी पट्टीने एकीचीच बोटं फोडली. उज्वलाची. दुपारभर मी तिच्या बोटांवर फुंकर घालत होते. किती गोड दिवस.
तीच उज्वला आता उदगीरच्या शेतकरी कंपनीची अध्यक्ष. सोयाबीनचं बियाणं वाटायचंय, माणशी एक थैली. यादीत तीच नावं दोनदोनदा, आणि टोकन मशीनला मेमरी चिमूटभर. दुबार नावं काढायला गेलं की बंद पडतं. वाटप बिघडलं तर तिला खुर्चीवरून ओढायला मंडळी टपलेली आहेत. मी तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवलाय. दोन दिवसांचं काम.

२८ मे
जुना प्रोग्राम पाहिलेलं प्रत्येक नाव दुसऱ्या यादीत पूर्ण उतरवतो. लिहिणाऱ्याला झोडलं पाहिजे. मी नावाऐवजी एकच आकडा ठेवणार. प्रत्येक शब्दाचा आकडा, मग बेरीज. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी शेवटी, बेरीज तीच. बेरीज जुळली की नाव दुबार.
मशीन अडकलं. दोन गुद्दे घातले, चाललं. संकल्प: यापुढे राग नाही.

३० मे
नवी यादी हवीच कशाला? त्याच यादीत दुबार नाव खोडायचं, खालचं वर ओढायचं. मेमरी दहावा हिस्सा लागली. सपासप हजार नावं कापली. गोदाम सांभाळणारे बसलिंगप्पा म्हणाले, बाई, जुनी यादी ऱ्हाऊ द्या की. मी म्हटलं, मग मेमरी वाचवली कशाला? ते थैल्या मोजायला गेले. कीबोर्ड फुटला, त्याचं कारण वेगळं.

३ जून, दुपारी
वाटप सुरू. तक्रारी किरकोळ. साखराबाई बिरादार म्हणाल्या, माझा लेक यादीत हाय अन् त्याचा बाप न्हाई, मग लेक आला कुठून? लेक व्यंकटी शेषेराव, बाप शेषेराव व्यंकटी. एकच नाव उलटं लिहिलंय, असं समजावलं. त्या म्हणाल्या, दोघं बी दारात हुभे हायत, मोजा.

३ जून, संध्याकाळी
इकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. घरोघरी. बाप-लेकांच्या चारशे जोड्यांतला एकेक मी मारला.
एका थैलीवरून शेषेरावांनी व्यंकटीचं डोकं फोडलं. व्यंकटीने त्यांचे दोन दात पाडले. मग दोघांनी मिळून मशीन दगडाने ठेचलं. सोडवायला गेलेल्या उज्वलाचं मनगट मोडलं.
मेमरी कमी लागली, हे मात्र कुणी नाकारू शकत नाही.

५ जून, उदगीर, दवाखाना
यादीबद्दल उज्वला एवढंच म्हणाली, दारोदार जा, माणूस बघ, मग लिही. आज तेवीस घरं झाली. दोन घरांत कुत्रं सोडलं.
बसलिंगप्पांसाठी: शेषेराव व्यंकटी यांना एक थैली. व्यंकटी शेषेराव यांना एक. दोन्ही साखराबाईंच्या हाती द्याव्यात. मशीनचे तुकडे भंगारवाल्याला. वाटपानंतर माझा सत्कार ठरला होता, त्याचा नारळ ज्याला हवा त्याला. उज्वलाच्या राजीनाम्याचं पाकीट कंपनीच्या संचालक मंडळाला. ते माझ्याकडे देऊ नये, असं तिने बजावलंय.