मागचा उंच बाक

प्रिय आई,

तुला वाचता यावं म्हणून स्कारबरोच्या रविवारच्या मराठी शाळेत नेलं, तर तू पहिल्याच दिवशी उठून आलीस आणि महिन्याभरात गावी परतलीस. थंडी सोसत नाही, असं सगळ्यांना सांगितलंस. मला मात्र म्हणालीस, "नातवाच्या रांगेत बसून अक्षरं गिरवू? हसतील लोक." आता फोनवर विषय काढला की तुझी रेंज जाते.

काल चिरागला घेऊन दक्षिणेकडच्या एका गावातली जुनी शाळा पाहिली. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून इथे कॅनडात आलेल्या लोकांनी ती बांधली. शेजारी त्यांचं चर्च आणि ओंडक्यांचं एक घर अजून उभं आहे. तिकडे अमेरिकेत गुलाम असताना त्यांना वाचायला शिकायची बंदी होती. वर्गात सगळे बाक बुटके आहेत, मागचा एकच उंच. तो मोठ्या माणसांचा.

शाळा दाखवणाऱ्या बाईंच्या पणजोबांची आजी त्यावर बसून शिकली. पणजोबा पुढच्या बाकावर असत.

"लाज नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटायची ना, पणजोबांना," त्या म्हणाल्या. "आजी फार प्रश्न विचारायची."

चिराग त्या बाकावर चढून बसला. "आजी कॅन सिट विथ मी," म्हणाला, "बट नो कॉपीइंग."

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर शेजारची अक्षता ते वाचून दाखवेल, तू मान हलवशील आणि तिला चहा देशील. उन्हाळ्यात ये. तोवर ते स्वयंपाकघरातल्या खणात राहील. अक्षरं मोठी काढली आहेत.

तुझी,
अवंतिका